उन्हाळी वादळे, धुके आणि तलाव : सुटीच्या दिवसांत आपण कोणती काळजी घ्यावी?

पुनरुत्थानाचा सण पार पडला की आपल्या धर्मग्रामांत एक निराळीच लगबग सुरू होते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे सोहळे, लग्नकार्ये, उन्हाळी शिबिरे आणि यात्रा एकापाठोपाठ एक येत असतात. कोळीवाड्यांत बोंबील आणि सुकट वाळत असते. वाड्यांमध्ये केळीच्या बागांना पाणी देण्याची धांदल असते आणि घराघरांत आगोटीची तयारी चाललेली असते. वर्षाच्या इतर कोणत्याही काळापेक्षा या दिवसांत आपण अधिक वेळ उघड्या आभाळाखाली, पाण्याच्या काठी आणि प्रवासात असतो. नेमके याच दिवसांत आपल्या प्रदेशाचे हवामान सर्वांत अधिक बेभरवशाचे असते.

वसई धर्मप्रांताचा विस्तार पाहिला तर ही गोष्ट सहज ध्यानात येईल. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील समुद्रकिनारा, त्यामागील वाड्या आणि बावखले, पुढे तुंगारेश्वराचे डोंगर, पेल्हार आणि उसगावची धरणे, त्याहीपुढे सूर्या, वैतरणा आणि तानसा या नद्यांची खोरी आणि शेवटी जव्हार-मोखाड्याचे घाटमाथे. एवढ्या छोट्या पट्ट्यात समुद्र, सपाटी आणि सह्याद्री एकमेकांच्या इतके निकट आहेत की सकाळी एका ठिकाणी लख्ख ऊन असते, तर सायंकाळी तेथेच वादळ घोंगावते.

या लेखात आम्ही मार्चपासून जूनअखेरपर्यंतच्या चार महिन्यांत संभवणाऱ्या धोक्यांचा विचार करणार आहोत. हे धोके परस्परांहून भिन्न असले, तरी त्या सर्वांमध्ये एक समान सूत्र आहे. धोका आपल्या डोळ्यांना दिसतो त्याच्या आधीच तो सुरू झालेला असतो आणि तो टळला असे आपणास वाटते, त्यानंतरही तो काही काळ शिल्लक राहतो. म्हणून केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. वेळेवर मिळालेला इशारा आणि तो आपल्यापर्यंत पोहोचवणारा शेजारी, या दोहोंची आपणास गरज असते.

हवामानाचा अंदाज कसा वाचावा?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. या विभागाचे मुंबईतील प्रादेशिक केंद्र कुलाबा येथे आहे आणि आपल्या पालघर जिल्ह्यासाठीचे इशारे तेथूनच दिले जातात. हे इशारे चार रंगांत असतात. हिरवा रंग म्हणजे विशेष काही करण्याची आवश्यकता नाही. पिवळा म्हणजे हवामानावर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा.

याबाबत दोन गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, हा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पालघर जिल्ह्याला पिवळा इशारा दिला गेला आणि पाऊस फक्त मोखाड्यात पडला, तर वसईतील माणूस म्हणतो, “वेधशाळेचे पुन्हा चुकले!” वस्तुतः वेधशाळा चुकलेली नसते. मेघगर्जनेसह येणारे उन्हाळी वादळ हे काही किलोमीटर रुंदीचे असते आणि ते नेमके कोणत्या गावावर कोसळेल, हे आदल्या दिवशी सांगणे कोणालाही शक्य नसते. दुसरी गोष्ट अशी की, आदल्या दिवशीच्या इशाऱ्याला जोडून पुढील तीन तासांसाठीचा तातडीचा इशाराही हवामान विभाग देत असतो. रडारवर ढग प्रत्यक्ष दिसू लागल्यावर हा इशारा काढला जातो, म्हणून तो अधिक नेमका असतो. सकाळी दिवसाचा रंग पाहावा आणि दुपारनंतर तीन तासांचा इशारा पाहावा, अशी सवय घराघरांत लागली तर पुष्कळ अनर्थ टळतील.

पावसाळा केव्हा येणार याबद्दलचे आपले ठोकताळेही आता तपासून पाहिले पाहिजेत. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. परंतु २०१९ साली तो २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन थडकला. यापूर्वीचा सर्वांत लवकरचा दिवस २९ मे हा होता. म्हणजे सहा वर्षांच्या अवधीत आगमनाच्या तारखांमध्ये महिनाभराचे अंतर पडले. ‘मे अखेरपर्यंत अवकाश आहे’ असे समजून छप्पर शाकारणे, गटारे उपसणे किंवा बोट किनाऱ्यावर ओढणे लांबणीवर टाकणाऱ्यांना २०२५ सालाने मोठाच धडा दिला आहे.

वळवाचा पाऊस आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जमीन तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते. समुद्रावरून येणारे दमट वारे या चढत्या हवेला बाष्प पुरवतात आणि सह्याद्रीच्या उतारावर ही हवा आणखी वर ढकलली जाते. दुपारी तीन-चारच्या सुमारास घाटमाथ्यावर काळेकभिन्न ढग उभे राहतात. वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून वाहत असतील तर हेच ढग सायंकाळी किनाऱ्याच्या दिशेने सरकतात. पावसाळ्यात पश्चिमेकडे पाहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना उन्हाळ्यातील वादळ पाठीमागून, म्हणजे पूर्वेकडून गाठते, ते यामुळेच.

या वादळातील सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एकाच वर्षी देशात वीज पडून २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. शेतात, माळरानावर आणि झाडाखाली आश्रय घेणाऱ्यांना तिचा धोका सर्वाधिक असतो. पाऊस सुरू झाला की धोका सुरू झाला, असे आपण समजतो. परंतु वीज ढगापासून दहा-बारा किलोमीटर दूरही पडू शकते. आपल्या डोक्यावर निळे आभाळ असताना आणि पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना ती पडते. तसेच पाऊस ओसरल्यानंतर, मुले अंगणात धाव घेतात तेव्हाही ती पडते.

याकरिता एक साधा हिशेब ध्यानी ठेवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. तत्काळ पक्क्या घरात जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर आणखी तीस मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आपल्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. प्रत्येक कुटुंबातील किमान एका फोनवर ते असावे.

वीज कडाडत असताना झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये अथवा लग्नाच्या मांडवात उभे राहू नये. विहिरीवरचा पंप सुरू करण्यास जाऊ नये. माडावर किंवा ताडावर चढलेल्याने ढग दिसताच खाली उतरावे. बंद मोटारगाडी हा बऱ्यापैकी सुरक्षित आसरा आहे, मात्र दुचाकी नव्हे. मोकळ्या शेतात अडकल्यास पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. विजेचा आघात झालेल्या माणसाला हात लावल्यास आपणास धक्का बसतो, ही निव्वळ गैरसमजूत आहे. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याचा श्वास थांबला असेल तर विनाविलंब छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या पहिल्या काही मिनिटांत त्याचा जीव वाचण्याची शक्यता असते.

मध्ययुगीन युरोपमध्ये वादळ आले की चर्चच्या घंटा वाजविण्याची प्रथा होती. घंटानादाने वीज पांगते, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. प्रत्यक्षात गावातील सर्वांत उंच वास्तू चर्चचा मनोरा हीच असे आणि ओल्या दोराला धरून उभे असलेले कित्येक घंटावादक विजेने मृत्युमुखी पडले. पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीजवाहक सळईची कल्पना मांडली आणि कालांतराने ती चर्चच्या मनोऱ्यांवरही बसली. आपल्या धर्मग्रामाच्या मनोऱ्यावरील वीजवाहक सळई शाबूत आहे काय, तिची तार जमिनीपर्यंत अखंड पोहोचली आहे काय, हे पावसाळ्यापूर्वी जाणकार माणसाकडून तपासून घेणे उचित ठरेल.

पावसाआधीचा वारा

वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. हा वारा पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. अचानक गारवा जाणवणे, धुळीचा लोट उठणे आणि झाडांचे शेंडे एकाएकी एका दिशेने वाकणे या त्याच्या खुणा होत. १३ मे २०२४ रोजी सायंकाळी मुंबईवर असेच धुळीचे वादळ आले. त्यात घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरातफलक कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. पावसापासून बचाव करण्यासाठी ज्या आडोशाला माणसे थांबतात, तो आडोसाच काही वेळा जीवघेणा ठरतो.

आपल्या सोहळ्यांचे मांडव, कमानी, ध्वनिक्षेपकांचे खांब आणि रोषणाईच्या तारा यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. सायंकाळचा उघड्यावरील समारंभ ठरविताना, वादळ आल्यास सर्व मंडळी कोठे जातील, याचा विचार आयोजकांनी आधीच करून ठेवावा. चर्चची वास्तू अथवा शाळेचे सभागृह उघडे ठेवणे एवढेच पुष्कळदा पुरेसे असते.

भर दुपारच्या कार्यक्रमांबाबतही असेच सांगावेसे वाटते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील एका भव्य समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. किनारपट्टीवर तापमान विदर्भाइतके चढत नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता आतच कोंडून राहते. वृद्ध भाविक आणि लहान मुले यांचा सहभाग असलेल्या मिरवणुका आणि यात्रा शक्यतो सकाळी लवकर अथवा ऊन उतरल्यावर ठेवाव्यात.

समुद्र : चक्रीवादळ आणि निरभ्र आभाळाखालची लाट

मे आणि जून हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही महिने आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. ते येथे जमिनीवर आले नाही, तरी मुंबईत ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहिले. समुद्रात बॉम्बे हाय परिसरात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडून ६० हून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधीच देण्यात आला होता. ‘वादळ आपल्याकडे येणार नाही, बाजूने जाणार आहे’ या शब्दांनी आपण निर्धास्त होऊ नये, हा त्या घटनेचा बोध आहे.

२०२३ साली जून महिन्यात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ तर आपल्यापासून कितीतरी दूर होते. तरीही १२ जून रोजी त्याच्यामुळे खवळलेल्या समुद्रात जुहू येथे चार मुलगे बुडाले. वादळ दूर असले तरी त्याच्या लाटा आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतात.

याहूनही फसवी अशी एक लाट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटरांवर, मोठी वादळे होतात. तेथे उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर येतात. त्या वेळी येथे वारा नसतो, ढग नसतात, समुद्र शांत भासतो आणि मग एकाएकी पाणी चढते. केरळमधील मच्छीमार तिला ‘कळ्ळक्कडल’ म्हणजे ‘चोर समुद्र’ म्हणतात. ६ मे २०२४ रोजी तमिळनाडूतील कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रकिनारी गेलेल्या पाच वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अशाच उधाणात अंत झाला. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचे इशारे आधी देत असते. भुईगाव, कळंब, राजोडी अथवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन जाण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळांबरोबर हा इशाराही पाहावा.

आमच्या मच्छीमार बांधवांना समुद्र शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि एवढे अवश्य सांगू की, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांसाठी यांत्रिक नौकांना जी मासेमारीबंदी असते, ती माशांच्या प्रजननासाठी जितकी आहे, तितकीच खलाशांच्या प्राणांसाठीही आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘एक फेरी अजून’ मारण्याचा मोह होतो, कारण पुढे दोन महिने हाती पैसा नसतो. तो मोह आम्ही समजू शकतो. परंतु नौका निघण्यापूर्वी तांडेलाने बिनतारी संच आणि जीवरक्षक जॅकेटे तपासावीत आणि नौकेवर कोण कोण आहे, त्यांची नावे किनाऱ्यावर कोणाकडे तरी लिहून ठेवावीत. २०१७ साली नोव्हेंबरअखेर आलेल्या ‘ओखी’ चक्रीवादळात केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील कित्येक ख्रिस्ती मच्छीमार परतले नाहीत. त्या वेळी बेपत्ता माणसांच्या याद्या करण्याचे काम तेथील धर्मग्रामांना घरोघरी फिरून करावे लागले. ही यादी नौका निघण्यापूर्वी तयार असेल तर शोधकार्याचे मोलाचे तास वाचतात. समुद्रात संकट ओढवल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ हा आहे.

धुके : किनाऱ्यावरचे आणि घाटातले

धुके म्हटले की आपणास नाताळचे दिवस आठवतात. पण आपल्या भागात ते उन्हाळ्याच्या दोन्ही टोकांना भेटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री अद्याप गार असतात आणि समुद्रावरून येणारी हवा दमट होऊ लागलेली असते. वारा पडला की पहाटे खाड्यांच्या आणि मिठागरांच्या परिसरात दाट धुके साचते आणि ऊन चढल्यावर विरते. जूनमध्ये घाटात जे दिसते ते वस्तुतः जमिनीला टेकलेले ढग असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळण ओलांडताच समोरचे सर्व दृश्य नाहीसे होते. हे धुके ऊन आले तरी विरेलच असे नाही, ते दिवसभर राहू शकते.

एक हजार मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. घाटातील दाट धुक्यात तर पन्नास मीटरही दिसत नाही. अशा वेळी मोटारीचे दिवे प्रखर करण्याची चूक सर्रास होते. तो प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दिवे खाली झुकवून ठेवावेत, वेग कमी करावा आणि पुढच्या वाहनाचे मागचे दिवे हाच आपला मार्गदर्शक समजून त्याच्या जवळ जाऊ नये. रस्त्यातच गाडी थांबवू नये. थांबणे अपरिहार्य असेल तर रस्त्याच्या पूर्णपणे बाहेर घ्यावी. पहाटेच्या मिस्सेला चालत जाणाऱ्यांनी फिकट रंगाची वस्त्रे घालावीत आणि हाती विजेरी ठेवावी. लोहमार्ग ओलांडणाऱ्यांनी तर धुक्यात पुलाचाच वापर करावा. गाडी दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते.

खाडीतून अथवा समुद्रात जाणाऱ्या छोट्या होड्यांनी धुक्यात मोठ्या जहाजांच्या मार्गापासून दूर राहावे. मोठे जहाज क्षणार्धात थांबू शकत नाही आणि लाकडी होडी त्याच्या रडारवर स्पष्ट उमटेलच असे नाही.

तलाव, बावखले आणि धरणे

आपल्या पूर्वजांनी वाड्यांना पाणी देण्यासाठी बावखले खोदली. पावसाचे पाणी साठवून आसपासच्या विहिरींचे पाणी गोडे ठेवण्याचे कार्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ती बुजवू नयेत, असेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तथापि उन्हाळ्यात हीच बावखले, गावतलाव आणि पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणी मुलांना साद घालतात.

येथील धोका पाण्याच्या रूपातच दडलेला असतो. पाणी ओसरल्याने काठाचा गाळ उघडा पडतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत रुततो. जलपर्णीने झाकलेला भाग हिरव्या जमिनीसारखा भासतो. दगडखाणीला उतार नसतो, दुसऱ्याच पावलाला दोन पुरुष खोल पाणी असते. मोठ्या तलावात पाण्याचा वरचा थर उन्हाने कोमट झालेला असतो, तर खालचा गारच राहतो. अंग तापलेल्या अवस्थेत सूर मारणाऱ्याचा श्वास त्या गारव्याने अडखळतो आणि पोहता येणारा मुलगाही गटांगळ्या खाऊ लागतो.

वादळ आणि तलाव यांची गाठ पडते तेव्हा तर संकट दुप्पट होते. देशावरील उजनी धरणाच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे सात जणांना घेऊन एक प्रवासी बोट निघाली होती. अचानक वादळी वारा सुटला, बोटीत पाणी शिरले आणि ती उलटली. एक जण पोहून काठाला लागला. इतर सहा जणांचा अंत झाला आणि त्यांत लहान मुलेही होती. जलाशयाचा विस्तार मोठा असल्याने वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि थोड्याच अवधीत आखूड पण उंच लाटा उठतात. समुद्रातील लाटेपेक्षा अशा लाटा छोट्या होडीला अधिक सहजपणे उलथवतात.

शुभवर्तमानातील गालील सरोवराची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे (मार्क ४:३५-४१). ते सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि कमाल रुंदी सुमारे १३ किलोमीटर आहे. सभोवतालच्या उंच भागांवरील थंड हवा खोलगट भागातील उष्ण हवेवर कोसळते आणि शांत पाण्यावर बघता बघता वादळ उठते. त्या होडीत बसलेल्या शिष्यांपैकी काही जण त्याच सरोवरावर वाढलेले, जन्माने मच्छीमार होते. तरीही त्यांना वादळाने गाठले. अनुभवी माणसालाही पाण्यावर फाजील आत्मविश्वास परवडत नाही, हे त्या प्रसंगावरून आपण शिकू शकतो.

पाऊस सुरू झाल्यावर धबधबे आणि धरणांखालील नदीपात्रे ही नवी संकटस्थाने होतात. येथेही डोळ्यांना दिसणारे आभाळ फसवे असते. आपण उभे आहोत तेथे ऊन असते, पण वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाढत्या प्रवाहात वाहून गेले. आपल्या परिसरातील चिंचोटीच्या धबधब्यानेही अनेक तरुणांचे प्राण घेतले आहेत. नितळ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, पाण्याचा आवाज वाढणे यांपैकी एकही खूण दिसली तर सामान तेथेच टाकून उंच जागी जावे. धरणाखालच्या पात्रात भोंगा ऐकू आल्यास तो पाणी सोडण्याचा इशारा समजावा.

बुडणाऱ्याला वाचविताना

एकाला वाचविताना दुसरा आणि दुसऱ्याला वाचविताना तिसरा बुडाल्याच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो. २०२४ च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच उलटली आणि तीन जवानांनी प्राण गमावले. प्रशिक्षित जवानांवर जर ही वेळ येते, तर आपण भावनेच्या भरात उडी घेणे किती घातक आहे, हे सांगावयास नको.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तो श्वासासाठी झगडत असतो, त्यामुळे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. डोके मागे गेलेले, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असलेले आणि हात पाण्यावर दाबत असलेले दिसले तर तो बुडतो आहे असे समजावे. काठावर राहूनच त्याच्याकडे बांबू, दोर, साडी किंवा ओढणी पुढे करावी. घट्ट झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकला तरी तो त्याला तरंगत ठेवू शकतो. दुसऱ्याने त्याच वेळी ११२ या क्रमांकावर मदत मागावी. बाहेर काढल्यावर पोटातील पाणी काढण्यासाठी उलटे टांगणे, गोल फिरविणे असले प्रकार करू नयेत. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब द्यावा.

धर्मग्राम काय करू शकतो?

इशारा मोबाईलवर येतो, पण तो सर्वांपर्यंत पोहोचतोच असे नाही. एकाकी वृद्ध, वीटभट्टीवरील मजूर, पाड्यावरील आदिवासी कुटुंब, परप्रांतातून आलेला खलाशी यांच्यापर्यंत तो कोणी पोहोचवावा? आपल्या लघु ख्रिस्ती समूहांची रचना घरोघरी पोहोचणारी आहे. तिचा उपयोग या कामी होऊ शकतो. याकरिता आम्ही काही सूचना धर्मग्राम परिषदांच्या विचारार्थ ठेवीत आहोत.

प्रत्येक समूहातील एका युवकाने अथवा युवतीने रोजचा इशारा पाहून तो आपल्या वीस-पंचवीस घरांना कळवावा, त्यांत ख्रिस्तीतर शेजाऱ्यांचाही समावेश असावा. नारिंगी वा लाल इशारा असेल तेव्हा चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून तशी सूचना द्यावी. बावखल, तलाव आणि खाणीच्या काठी एक लांब बांबू, दोर आणि दोन रिकामे कॅन कायम ठेवावेत. उन्हाळी शिबिरांतून मुलांना पोहण्याबरोबर काठावरून मदत कशी करावी हेही शिकवावे. आपल्या रुग्णालयांतील धर्मभगिनी आणि परिचारिका यांच्या साह्याने छातीवर दाब देण्याचे प्रात्यक्षिक एखाद्या रविवारी मिस्सेनंतर घ्यावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सूचनाफलकावर लिहून ठेवावा. या कामांना फारसा खर्च नाही, फक्त कोणीतरी ती मनावर घेतली पाहिजेत.

काही भाविक म्हणतात, ‘देव राखील त्याला कोण मारील?’ देव राखतो यावर आमचा दृढ विश्वास आहे. पण तो पुष्कळदा माणसांच्या हातूनच राखतो. पश्चिमेकडचा ढग आणि दक्षिणेचा वारा पाहून लोक हवामान ओळखतात, पण काळाची चिन्हे ओळखत नाहीत, अशी खंत प्रभू येशूने व्यक्त केली होती (लूक १२:५४-५६). आज तर आकाशाची चिन्हे ओळखून देणारी साधनेही आपल्या हाती आहेत. ती असूनही आपला शेजारी बेसावध राहिला, तर त्याचे उत्तर आपणास द्यावे लागेल.

समुद्रावर असलेले आमचे मच्छीमार बांधव, शेतात राबणारे शेतकरी, घाटातून प्रवास करणारे प्रवासी आणि सुटीचा आनंद लुटणारी आमची मुले या सर्वांना, वादळाला शांत करणारा प्रभू सुखरूप घरी आणो, हीच आमची प्रार्थना.